जखमेची सूज कोण आणते आणि कोण उतरवते?

अबोली (धागालेखिका)

हात कापला, गुडघा फुटला किंवा शस्त्रक्रियेचे टाके पडले, की दुसऱ्या दिवशी त्या जागी सूज येते, लाली दिसते, कातडी गरम लागते आणि ठणका सुरू होतो. ही सूज म्हणजे जखमेत काहीतरी बिघडल्याची खूण आहे आणि ती जितक्या लवकर उतरेल तितके बरे, अशी बहुतेकांची धारणा असते. विकृतिशास्त्र शिकवताना माझ्या असे लक्षात येते की, ही धारणा वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मनातूनही सहजी जात नाही. या धाग्यात मला मांडायचे आहे ते असे: सूज आणणाऱ्या पेशींवाचून कातडीची जखम नीट भरत नाही, आणि ती सूज उतरते तीही आपोआप नव्हे, तर रोगप्रतिकारक पेशींच्या एका ठरावीक कामामुळे उतरते. ते काम अडले की जखम महिनोन्‌महिने रेंगाळते.

सुरुवात पहिल्या काही मिनिटांपासून करते. कातडी कापली जाताच रक्तवाहिन्या आक्रसतात, प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि फायब्रिनच्या धाग्यांची जाळी तयार होऊन रक्त थांबते. या गुठळीत अडकलेल्या प्लेटलेट पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा ही पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिने सोडतात, आणि पुढे येणाऱ्या पेशी हीच जाळी धरून जखमेत सरकतात. फुटलेल्या त्वचापेशींतून इंटरल्यूकिन-१ अल्फा बाहेर पडते. एरवी ते पेशीच्या आतच असते, त्यामुळे ते बाहेर दिसणे हीच शेजारच्या पेशींना इजेची वर्दी असते. कातडीत आधीपासून मुक्कामाला असलेल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातला द्रव ऊतींत झिरपतो. आपल्याला दिसणारी लाली आणि सूज ती हीच.

झेब्राफिश या पारदर्शक माशाच्या पिल्लांवर २००९ साली झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की, शेपटीला छेद दिल्यावर कडेच्या पेशी स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. जखमेच्या कडेला त्याचे प्रमाण जास्त आणि आत जावे तसे कमी, असा चढ सुमारे २० मिनिटांत तयार होतो आणि पांढऱ्या पेशी त्याच्या रोखाने येऊ लागतात. एकही पांढरी पेशी पोहोचण्याआधी जखमेने स्वतःच हाक दिलेली असते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

सर्वांत आधी येतात त्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी. प्रौढ माणसाची अस्थिमज्जा दररोज साधारण १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करते. जखमेत त्यांची संख्या पहिल्या २४ ते ४८ तासांत शिगेला पोहोचते. त्या जंतू गिळतात, जंतुनाशक रसायने सोडतात, आणि प्रसंगी स्वतःचा डीएनए बाहेर फेकून त्याच्या चिकट जाळ्यात जंतूंना अडकवतात. उंदराच्या कानाच्या कातडीत लेसरने सुईच्या टोकाहून लहान भाजल्याची खूण करून जिवंत ऊतीतली त्यांची हालचाल २०१३ साली सूक्ष्मदर्शकाखाली टिपण्यात आली. आधी दोन-चार न्यूट्रोफिल इजेपाशी पोहोचतात. त्यांच्यापैकी एखादी तेथे मरते, आणि त्यानंतर दूरवरच्या न्यूट्रोफिल आपापली भटकंती सोडून सरळ रेषेत तिकडे धावू लागतात. ल्यूकोट्राइन बी-४ हा स्निग्ध रेणू ही हाक एकीकडून दुसरीकडे पोहोचवतो. बघता बघता पेशींचा घट्ट पुंजका जमतो आणि त्याच्या मध्यभागातले, कातडीला बळकटी देणारे कोलॅजेनचे तंतू बाजूला सारले जातात. म्हणजे जंतू नसले तरी न्यूट्रोफिल येतात, आणि आल्यावर आपल्याच ऊतीची काही मोडतोडही करतात.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रक्तातल्या मोनोसाइट पेशी जखमेत उतरून महाभक्षी पेशी बनतात. न्यूट्रोफिल तोवर मरणाला टेकलेल्या असतात. मरू घातलेली न्यूट्रोफिल आपल्या पटलाच्या आतल्या बाजूचा फॉस्फॅटिडिलसेरीन हा रेणू बाहेरच्या बाजूला आणते. महाभक्षी पेशी तो ओळखते आणि तिला अख्खी गिळते. यामुळे साफसफाई तर होतेच, पण गिळल्यानंतर महाभक्षी पेशीचे स्वतःचे वागणे पालटते. दाह (सूज, लाली, ठणका हे सारे मिळून) वाढवणारी टीएनएफसारखी प्रथिने ती कमी सोडते. दाह शमवणारे इंटरल्यूकिन-१० आणि कोलॅजेन विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशींना कामाला लावणारे टीजीएफ-बीटा अधिक सोडते. नव्या केशवाहिन्या फुटू लागतात आणि जखमेच्या तळाशी लालबुंद, दाणेदार, हात लागताच रक्त येणारे मांसांकुर दिसू लागतात. सूज उतरवणारे काम म्हणतात ते हे.

हे कशावरून, असा प्रश्न येईल. सिम्पसन आणि रॉस यांनी १९७२ साली गिनीपिगांच्या शरीरातल्या न्यूट्रोफिल, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे असलेला प्रतिरक्तद्रव देऊन नाहीशा केल्या. जंतुरहित जखमा तरीही जवळपास नेहमीसारख्या भरल्या. लिबोविच आणि रॉस यांनी १९७५ साली हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रतिरक्तद्रव यांच्या साहाय्याने महाभक्षी पेशी घटवल्या. तेव्हा मात्र जखमेतले फायब्रिन आणि मृत पेशी तशाच पडून राहिल्या, आणि एरवी तिसऱ्या दिवशी दिसणाऱ्या फायब्रोब्लास्ट पाचव्या दिवसापर्यंत आल्याच नाहीत. जर्मनीतील कोलोनच्या संशोधकांनी २०१० साली उंदरांमध्ये याहून नेमके काम केले. महाभक्षी पेशी सुरुवातीलाच काढल्या तर मांसांकुर नीट तयार झाले नाहीत. मधल्या टप्प्यात काढल्या तर नव्या रक्तवाहिन्या टिकल्या नाहीत आणि जखमेत रक्तस्राव झाला. शेवटच्या टप्प्यात काढल्या तर फारसे काही बिघडले नाही. त्याच पेशी, पण टप्प्यागणिक त्यांचे काम निराळे.

लिंफोसाइट पेशी यानंतर, साधारण आठवड्याच्या सुमारास, जास्तीत जास्त दिसतात. त्यांतल्या नियामक टी-पेशी, म्हणजे दाहाला लगाम घालणाऱ्या पेशी, उंदरांत काढून टाकल्या तर जखम उशिरा भरते, एवढे येथे नोंदवून थांबते. कोणाला वेगळे मत मांडायचे असेल, शंका असेल किंवा रुग्णसेवेतला अनुभव असेल, तर जरूर लिहावे.

कृष्णाकाठ

लेख दोनदा वाचला. आमच्याकडे उसाच्या हंगामात कोयत्याने कापून घेतलेली माणसे रोज दिसतात, त्यामुळे विषय अगदी जवळचा आहे. तीन शंका आहेत. पू म्हणजे याच मेलेल्या न्यूट्रोफिल का, आणि असतील तर पू होणे हे चांगले की वाईट? जखम उघडी ठेवून वाळू द्यावी असे जुनी माणसे सांगतात, ते योग्य आहे का? आणि दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणून जखमेवर ओतण्याची पद्धत गावोगाव आहे. जखम स्वतःच ते तयार करत असेल तर वरून ओतणेही चांगलेच म्हणायचे का?

अबोली

कृष्णाकाठ, तिन्ही प्रश्न मोलाचे आहेत. पुवात मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल, विरघळलेली ऊती आणि मेलेले व जिवंत जंतू असतात. पू दिसला म्हणजे पेशी आल्या आणि लढल्या हे खरे. पण त्यांना उचलणाऱ्या महाभक्षी पेशी पुऱ्या पडल्या नाहीत, इतका जंतूंचा भार होता, हेही त्याच पुवातून कळते. म्हणून पू हे शुभलक्षण मानू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांतली, जखमेच्या कडेपुरती लाली आणि सूज अपेक्षित असते. त्यानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढू लागले, लाली पसरू लागली, जखमेपासून वर जाणारी लाल रेघ दिसली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. शेतातल्या जखमेत माती गेलेली असते आणि मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात, त्यामुळे स्वच्छ वाहत्या पाण्याने भरपूर धुणे आणि धनुर्वाताच्या लशीबद्दल त्याच दिवशी विचारणे या दोन गोष्टी कधीही टाळू नयेत.

उघडी जखम वाळवण्याबाबत जॉर्ज विंटर यांचे १९६२ सालचे काम निर्णायक ठरले. त्यांनी डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काही प्लास्टिकच्या पातळ पडद्याने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगाने आली. कोरड्या खपलीखाली त्वचापेशींना ओलसर थर शोधत खोलवरून वाट काढावी लागते; ओलाव्यात त्या पृष्ठभागावरूनच सरकतात. ओलावा म्हणजे मळकी, चिंब पट्टी नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावे.

हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल बोलायचे तर सारा प्रश्न प्रमाणाचा आहे. जखमेच्या कडेला तयार होणारे प्रमाण अत्यल्प असते. दुकानातले ३ टक्क्यांचे द्रावण त्याच्या हजारो पटींनी तीव्र असते आणि त्याने जंतूंबरोबर ताज्या त्वचापेशी व फायब्रोब्लास्टही मरतात. जखमेवर ते रोज ओतण्याला काही आधार नाही.

सह्यकडा

धागा उत्तम आहे. मी परदेशात प्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि एका मुद्द्यावर मला वेगळे म्हणायचे आहे. न्यूट्रोफिल नसल्या तरी जखम भरते, हा १९७२ च्या प्रयोगाचा अर्थ गिनीपिगांच्या जंतुरहित जखमांपुरता ठेवावा. मधुमेही उंदरांमध्ये न्यूट्रोफिल घटवल्यावर जखमेवर कातडी लवकर आली, असेही २००३ साली दिसले आहे, आणि तेवढ्यावरून न्यूट्रोफिल म्हणजे निव्वळ अडचण असे म्हणणारे लोक भेटतात. माणसाच्या बाबतीत मात्र निसर्गानेच एक कठोर उदाहरण समोर ठेवले आहे.

ल्यूकोसाइट अधेझन डेफिशियन्सी हा जन्मजात, दुर्मीळ आजार आहे. त्याच्या पहिल्या प्रकारात सीडी-१८ हे प्रथिन बनत नाही किंवा फारच कमी बनते. रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट धरून ऊतीत उतरण्यासाठी न्यूट्रोफिलला हेच प्रथिन लागते. परिणामी या मुलांच्या रक्तात न्यूट्रोफिलची संख्या प्रचंड असते आणि जखमेत जवळपास एकही नसते. त्यांना पू होत नाही. जखमा भरत नाहीत, जंतुसंसर्ग वारंवार आणि जिवावर बेतणारा होतो, हिरड्या लहान वयातच झिजतात.

येथपर्यंतचे स्पष्टीकरण सोपे होते: न्यूट्रोफिल नाहीत, म्हणून जंतू माजले. परंतु २०१७ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली आणि अबोली यांनी मांडलेल्या मुद्द्याला तिने जोरदार पुष्टी मिळाली. निरोगी ऊतीत महाभक्षी पेशी मेलेल्या न्यूट्रोफिल गिळतात तेव्हा दाह वाढवणाऱ्या इंटरल्यूकिन-२३ चे उत्पादन घटते आणि त्यामागोमाग तसेच दाहक इंटरल्यूकिन-१७ घटते. या रुग्णांच्या ऊतींत न्यूट्रोफिल पोहोचतच नाहीत, त्यामुळे गिळायला काही नसते आणि तो लगामही कधी लागत नाही. इंटरल्यूकिन-२३ आणि १७ चढेच राहतात. त्या रुग्णाला सोरायसिससाठी वापरले जाणारे उस्टेकिनुमॅब हे इंटरल्यूकिन-१२ व २३ यांना अडवणारे औषध देण्यात आले. हिरड्यांचा दाह उतरला आणि कमरेखालची, काही केल्या न भरणारी जखमही भरून आली. न्यूट्रोफिलची संख्या वाढवलेली नसताना, त्यांच्या मरणाने जो निरोप पोहोचायला हवा होता तो औषधाने दिल्यावर जखम भरली. न्यूट्रोफिल जंतू मारायला लागतात, तशाच दाह संपवायलाही लागतात, असे मी यावरून म्हणतो.

आणखी एक विनंती. महाभक्षी पेशींचे एम-१ म्हणजे दाहक आणि एम-२ म्हणजे दुरुस्ती करणारे असे दोन कप्पे पाठ्यपुस्तकांत असतात. ते प्रयोगशाळेतल्या बशीत ठीक आहेत. जखमेतल्या एकाच पेशीत दोन्हींच्या खुणा एकदम सापडतात, त्यामुळे आपण येथे ते शब्द न वापरलेले बरे.

जिज्ञासा

सह्यकडा, प्रतिसाद वाचून थोडी धास्ती वाटली. माझ्या भाचीची नाळ पडायला दोन आठवड्यांहून जास्त दिवस लागले होते. अशा वेळी हा आजार आहे का ते तपासून घ्यावे का? आणि महाराष्ट्रात ही तपासणी कोठे होते?

सह्यकडा

घाबरू नये. नाळ पडायला दोन आठवडे किंवा थोडे अधिक लागणे हे निरोगी बाळांतही घडते. महिना होत आला तरी नाळ पडली नाही, बेंबीला संसर्ग झाला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या आहेत आणि तरी पू नाही, असे सगळे एकत्र दिसले तर डॉक्टरांना हा आजार सुचतो. सीडी-१८ ची तपासणी फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशींवरची प्रथिने मोजणाऱ्या यंत्राने, रक्ताच्या छोट्या नमुन्यावर होते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. जन्मजात प्रतिकारदोषांचे निदान तेथे होते. हा आजार आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आले तरच होतो, म्हणून मामा-आत्याच्या नात्यात झालेल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. तीव्र प्रकारात अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा उपाय आहे.

परळचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक गोष्ट. ऊतीत शिरलेल्या परक्या वस्तूला भटक्या पेशी वेढतात, हे एली मेचनिकॉव यांनी १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे पाहिले. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काट्यांभोवती पेशींचा गराडा पडलेला दिसला. सूज म्हणजे शरीराचा प्रतिकार आहे, ही कल्पना त्या निरीक्षणातून रुजली आणि १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ओडेसात त्यांच्या हाताखाली शिकलेले वाल्देमार हाफकिन पुढे मुंबईत आले. त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि परळची संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पट्टीबंधन

मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे आणि ड्रेसिंगच्या खोलीत बरीच वर्षे काम केले आहे. वर जे लिहिले आहे ते आम्ही डोळ्यांनी पाहतो, फक्त त्यामागचे कारण कोणी सांगत नाही. मधुमेही रुग्णाच्या तळपायाची जखम कशी दिसते ते सांगते. अंगठ्याच्या मुळाशी रुपयाच्या नाण्याएवढे तोंड, त्याच्या कडेने पांढरट, जाड, कडक घट्टा, आणि तळाशी पिवळा, चिकट थर. गॉजने पुसला तरी तो निघत नाही. मांसांकुर कोठे दिसत नाहीत. रुग्ण मात्र शांत बसलेला असतो, कारण त्याला काही दुखतच नाही, आणि त्याच पायावर चालत तो एसटीने आलेला असतो. डॉक्टर पात्याने तो घट्टा आणि पिवळा थर रक्त दिसेपर्यंत काढतात तेव्हा नातेवाईक हबकतात, की होती त्याहून मोठी जखम का केली. पण पुढच्या काही ड्रेसिंगमध्ये त्या पिवळ्यात लाल ठिपके दिसू लागतात. असे का होते, हे मला नीट समजून घ्यायचे आहे, म्हणजे नातेवाइकांना सांगता येईल.

अबोली

आपण केलेले वर्णन मी वर्गात वाचून दाखवीन, इतके ते अचूक आहे.

मधुमेहात तीन गोष्टी एकत्र येतात. नसा बधिर झाल्याने इजा कळत नाही. रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने रक्त कमी पोहोचते. आणि तिसरी गोष्ट या धाग्याची: दाह सुरू होतो, पण पुढे सरकत नाही. वाढलेल्या साखरेत न्यूट्रोफिल आपल्या डीएनएची जाळी फेकायला अधिक उतावीळ होतात, असे २०१५ साली माणसांच्या पेशींत आणि उंदरांत दिसून आले. ज्या उंदरांत ही जाळी फेकण्यासाठी लागणारे पॅड-४ हे विकर (एन्झाइम) नव्हते, त्यांच्या जखमा लवकर भरल्या. जाळ्यांबरोबर बाहेर पडणारी विकरे नवे कोलॅजेन आणि वाढीची प्रथिने दोन्ही कापून टाकतात. त्यातच मधुमेही जखमेतल्या महाभक्षी पेशींची मेलेल्या पेशी गिळण्याची क्षमता घटलेली असते. त्यामुळे न्यूट्रोफिल मरून तेथेच फुटतात, त्यांच्यातली रसायने सांडतात, त्याने आणखी न्यूट्रोफिल येतात, आणि महाभक्षी पेशींचे वागणे पालटण्याची वेळच येत नाही. तो पिवळा थर म्हणजे फायब्रिन, मेलेली ऊती, मेलेल्या पेशी आणि त्यांत घर केलेले जंतू.

डॉक्टर तो थर रक्त येईपर्यंत काढतात तेव्हा एक तर महाभक्षी पेशींना न झेपलेले काम ते पात्याने करतात, आणि दुसरे, ताजे रक्त आल्याने गुठळी, प्लेटलेट, न्यूट्रोफिल हा क्रम नव्याने सुरू होतो. नातेवाइकांना असे सांगता येईल: मांडव उतरवून जागा झाडल्याशिवाय त्या जागी पेरणी करता येत नाही, तसेच हे आहे; अडकलेली जखम खरवडून ताजी केल्याशिवाय नवे मांस धरत नाही.

एवढे करूनही पायावरचा भार गेला नाही तर सारे व्यर्थ आहे, कारण प्रत्येक पावलागणिक नवी इजा होते आणि दाह पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. बधिर पायाला पूर्ण चिकटून बसणारे प्लास्टर घालून भार वाटून देण्याची पद्धत तमिळनाडूतील वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या तळव्यावरील न भरणाऱ्या जखमांसाठी वापरली. आज मधुमेही पायासाठी तीच सर्वांत भरवशाच्या उपायांत गणली जाते. याउलट, एकाच प्रथिनावर ठेवलेली आशा तितकीशी फळली नाही. पीडीजीएफ असलेल्या जेलला अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली, उपयोग झाला तो माफकच. ज्या जखमेत विकरे प्रथिने कापत बसली आहेत तेथे वरून आणखी एक प्रथिन लावून फारसे साधत नाही, असे माझे मत आहे.

बाभूळबन

एवढी चर्चा झाली आणि हळदीचे नाव कोणीच घेतले नाही. जखमेवर हळद दाबणे हे आपल्या प्रत्येक घरात होते, आणि हळदीच्या पेटंटचा खटला आपण जिंकलो हे सर्वांना ठाऊक आहे. मग हळदीचा गुण सिद्ध झाला असे का म्हणू नये?

सह्यकडा

बाभूळबन, त्या लढ्याबद्दल मलाही अतिशय अभिमान आहे, म्हणूनच त्यात काय ठरले ते नेमके सांगावेसे वाटते. जखम भरण्यासाठी हळदीचा वापर, यावर १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे) महासंचालक होते. त्यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने त्याला आव्हान दिले आणि हा वापर भारतात पूर्वापार चालत आला आहे हे दाखवणारे ३२ संदर्भ सादर केले. १९९७ साली पेटंट रद्द झाले ते या ज्ञानात नवीन काही नाही म्हणून. हळद किती गुणकारी आहे, हा प्रश्न तेथे निकालासाठी नव्हताच.

गुणाबद्दल सांगायचे तर हळदीतले कर्क्युमिन हे दाहाची जनुके चालू करणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला पेशींच्या प्रयोगांत रोखते. मात्र ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, आणि पहिल्या दोन दिवसांतला दाह रोखणे हे आपल्याला हवेच आहे का, हा या धाग्याचाच प्रश्न आहे. शिवाय डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तिच्यात मातीतले बीजाणू असू शकतात. खरचटण्यावर हळद लावली तर मी कोणाशी वाद घालणार नाही. खोल जखमेत, भाजलेल्या जागी किंवा मधुमेही पायावर ती भरू नये, असे मात्र आग्रहाने म्हणेन.

जिज्ञासा

व्रणाबद्दलही कोणीतरी लिहावे. गालाच्या आतून चावा बसला तर दोन-तीन दिवसांत जागा पूर्ववत होते, खूणही राहत नाही. तीच जखम हनुवटीवर झाली तर जन्मभर दिसते. यातही याच पेशींचा हात आहे का?

अबोली

आहे, आणि येथे माझ्या मूळ विधानाला एक मर्यादा घालावी लागते. तोंडाच्या आतल्या जखमेत दाह कमी होतो आणि लवकर संपतो. व्रणही कमी राहतो. गर्भाच्या कातडीवर साधारण २४ व्या आठवड्यापर्यंत झालेली जखम व्रण न ठेवता भरते, आणि तेथेही दाह अगदी कमी असतो. पीयू-१ या जनुकाअभावी महाभक्षी पेशी आणि न्यूट्रोफिल दोन्ही नसलेल्या नवजात उंदरांच्या जखमा नेहमीच्याच वेळात भरल्या आणि व्रणाची लक्षणे फारशी दिसली नाहीत, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे इवल्या जिवाच्या छोट्या जखमेला या पेशी लागत नाहीत, आणि मोठ्या जिवाच्या जखमेला त्यांच्यावाचून चालत नाही. प्रौढ कातडीला उघड्या जगातले जंतू अडवत घाईने दार लावून घ्यावे लागते. व्रण ही त्या घाईची किंमत आहे असे मला वाटते. व्रणाची ताकदही मूळ कातडीइतकी कधीच होत नाही. तीन आठवड्यांनी ती जेमतेम पाचवा हिस्सा असते आणि पुढे फार तर ७० ते ८० टक्क्यांपर्यंत जाते. टाके काढल्यावर लगेच जड उचलू नका असे डॉक्टर सांगतात त्याचे कारण हे.

दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांची जखम उशिरा भरते, कारण त्यांच्यात दाहाची पहिली पावलेच मंदावतात. याउलट छातीवर, खांद्यावर, कानाच्या पाळीवर जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणाऱ्या कीलॉइडमध्ये दाह रेंगाळलेला असतो, आणि तेथे तेच स्टेरॉइड डॉक्टर सुईने व्रणात टोचतात. गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र हे वाचून त्या स्वतःहून बंद करू नयेत. त्याने जिवाला धोका होऊ शकतो.

कृष्णाकाठ

शेवटची एक शंका. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक आहेत. जन्मभर उभे राहून शिकवले, पायाच्या शिरा फुगलेल्या, आणि घोट्याच्या आतल्या बाजूला काळसर कातडीत कैक वर्षांची जखम आहे. भरते आणि पुन्हा उघडते. मधुमेह नाही. मलमे सगळी झाली.

सह्यकडा

वर्णनावरून ही शिरांच्या दोषाची जखम वाटते, अर्थात निदान तपासूनच व्हावे. शिरांतल्या झडपा निकामी झाल्या की घोट्याजवळ रक्ताचा दाब सतत वाढलेला राहतो आणि लाल पेशी ऊतीत झिरपतात. तो काळसर रंग त्यांच्यातल्या लोहाचा. महाभक्षी पेशी या लाल पेशी गिळत राहतात आणि लोहाने भरून जातात. २०११ साली जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी दाखवले की, अशा लोहाने भरलेल्या महाभक्षी पेशी दाहक अवस्थेतून बाहेरच पडत नाहीत; त्या टीएनएफ आणि घातक ऑक्सिजन-रेणू सोडत राहतात, आणि त्यामुळे शेजारच्या फायब्रोब्लास्ट अकाली म्हाताऱ्या होतात. न्यूट्रोफिल गिळून वागणे पालटण्याचा जो टप्पा अबोली यांनी सांगितला, तो येथे लोहामुळे अडतो.

मलम हे मूळ कारण दूर करू शकत नाही. गळती थांबवायची तर शिरेतला दाब कमी करावा लागतो, म्हणून पावलापासून गुडघ्यापर्यंत नीट बांधलेली दाबपट्टी हा मुख्य उपचार आहे. जोडीला बसताना-झोपताना पाय उंच ठेवणे, आणि गरज असल्यास दोष असलेल्या शिरेवर लेसर किंवा शस्त्रक्रिया. पट्टी बांधण्याआधी पायाच्या धमनीतला रक्तप्रवाह पुरेसा आहे ना, हे डॉक्टरांकडून डॉप्लरने (ध्वनिलहरींच्या तपासणीने) पाहून घ्यावे. तो कमी असेल तर घट्ट पट्टीने बोटे काळी पडू शकतात. ती तपासणी होईपर्यंत सरांनी घरच्या घरी क्रेप बँडेज आवळून बांधू नये, एवढे त्यांना माझ्यातर्फे सांगावे.